टिपेश्वरचा वाघ १३०० किलोमीटर का चालला?

यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. पांढरकवड्याजवळच्या सुन्ना गेटवरून पर्यटक सफारीला जातात. याच जंगलात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये 'टी१सी१' या तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. वयात आलेल्या नराला स्वतःची हद्द लागते, ती एवढ्या छोट्या जंगलात मिळणं कठीण. जूनमध्ये तो बाहेर पडला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम असं करत, शेतं, नाले, महामार्ग ओलांडत डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. दिवसा दडून राहायचा, चालायचा बहुतेक रात्री. म्हणूनच वाटेतल्या गावांना त्याचा फारसा पत्ता लागला नाही. ज्ञानगंगेत शिकार भरपूर होती, वाघीण मात्र एकही नव्हती.