कान, डोळा आणि मोजमाप



आमच्या शाळेसाठीं ध्वनिक्षेपक, म्हणजे लाऊडस्पीकर, घेण्याचें काम एकदां माझ्याकडे आलें. दुकानांत दोन शेजारीं ठेवून ऐकले व जो भरदार वाटला तो घेतला. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मागल्या बाकांवरील मुलांना एक शब्द उमगेना. मागाहून कळलें कीं, दुकानांत तो थोडा मोठ्यानें वाजत होता, एवढाच त्याचा गुण. मोठा आवाज माणसाला सहज चांगला वाटतो. मग भरंवसा ठेवावा तो कानावर कीं मोजमापावर? या वादाचा इतिहास उद्बोधक आहे.

१९१५ पासून सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांवीं एक प्रयोग दाखविला. रंगमंचावर गायिका व शेजारीं तिच्याच ध्वनिमुद्रिकेचें यंत्र. मध्येंच दिवे मालवीत. ते पुन्हां लागत तेव्हां गायिका निघून गेलेली असे आणि यंत्र गात असे. श्रोते थक्क होत. वस्तुतः त्या यंत्रांतून खर्जाचे व अतितार स्वर पुरते उमटतच नसत. ॲना केस या गायिकेनें पुढें सांगितलें कीं, ती आपला आवाजच यंत्राशीं जुळवून घेत असे.

१९२५ सालीं राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं चुंबकक्षेत्रांत हलणारें तारेचें वेटोळें व त्याला जोडलेला शंकू, अशा रचनेचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याचेच वंशज होत. कोणत्या स्वरास किती जोर मिळतो, याचे आलेखही काढतां येऊं लागले. परंतु केवळ समोरून काढलेला एक आलेख पुरेसा नसतो. खोलींत भिंतींवरून परतलेला ध्वनिही कानीं पडतो.

या वादाचा निवाडा कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेंत फ्लॉइड टूल यांनीं केला. त्यांनीं ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेविले, आवाज सारखा केला व श्रोत्यांकडून गुण घेतले. त्याच ध्वनिक्षेपकांचीं प्रतिध्वनिरहित खोलींत अनेक दिशांनीं मापें घेतलीं. १९८५-८६ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्यांचा आलेख समोरून सपाट व बाजूंनींही सुरळीत, तेच बहुतेकांना आवडले. कान व मोजमाप यांची साक्ष जुळली!

१९९४ सालीं टूल व ऑलिव्ह यांनीं हरमन कंपनींतील ४० नोकरांना चार ध्वनिक्षेपक ऐकविले. एकदां पडद्याआड, एकदां समक्ष. पडदा दूर होतांच लहान व स्वस्त संचाचे गुण घसरले आणि थोर नांवाच्या अवजड पेट्यांचे वाढले. कान तेच होते. मध्यें डोळा आला.

परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर नांवाऐवजीं क्रमांक कां असतो, हें मला शिक्षक म्हणून ठाऊक होतें. दुकानांत मात्र तें आठवलें नाहीं. पुढल्या खेपेस मी आधीं आलेख मागितले, दोहोंचा आवाज सारखा करविला आणि पाठ फिरवून सर्वांत मागें जाऊन बसलों. जेथें बसून मुलें ऐकणार, तेथूनच निवड करावी.