तहानेचा बहार : नागपुरी संत्र्याच्या ताणाची कुळकथा

डिसेंबर लागला की काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड, मोर्शी या पट्ट्यातले बागायतदार संत्र्याचे ओलित बंद करतात. विहिरीला पाणी असते, शेजारच्या वावरात गव्हाला पाळी चालू असते, पण संत्र्याच्या आळ्यात थेंब पडत नाही. हळूहळू पाने दुपारी मलूल होऊ लागतात, त्यांच्या कडा आत वळतात, काही पिवळी पडून गळतात. नवख्याला बाग हातची गेली असे वाटेल. मालक मात्र याच खुणांची वाट पाहत असतो. बागेला ताण दिला आहे. जानेवारीच्या मध्याला आळी नीट करून, खत देऊन पाणी सोडले की काही आठवड्यांत फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि बांधावरून जाणाऱ्यालाही वास येतो.

हाती पाणी असताना झाड तहानलेले ठेवायचे, ही रीत आली कुठून? तिचे कूळ शोधायचे तर आधी संत्र्याचे कूळ शोधावे लागते.

लिंबूवर्गीय झाडांचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी आहे. आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा पश्चिम युन्नान हा तो टापू. या झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने हे कूळ सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी याच भागातून पसरू लागल्याचे दाखवले. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोकरेकच्या जंगलात रानसंत्री आजही उगवतात. त्या मुलखात दणकून पाऊस पडतो आणि त्यामागून थंड, कोरडा हिवाळा येतो. पारा १३ अंशांच्या खाली गेला की झाडाची वाढ जवळपास थांबते. या विसाव्यात फांदीवरच्या डोळ्यांच्या आत पानांऐवजी फुलांची तयारी होते, आणि ऊब व ओल परतली की फूट येते ती फुले घेऊनच. विषुववृत्ताजवळ, जिथे थंडीही नाही आणि कोरडा काळही नाही, तिथे लिंबाचे झाड वर्षभर थोडे थोडे फुलत राहते. भरघोस एकगठ्ठा बहारासाठी त्याला मधली थांबणूक लागते.

हे झाड घराबाहेर पडले तेव्हा माणसाला दोन दिशांनी अडचण आली. उत्तरेत थंडी फार, दक्षिणेत थंडी अपुरी.

उत्तरेने घर बांधले. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याची संत्रीशाळा १६८४ ते १६८६ या काळात ज्यूल आर्दुआं-मान्सार या वास्तुकाराने उभारली. दीडशे मीटरहून लांब कमानीचे दालन, जाडजूड भिंती, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उंच खिडक्या. शेगडी न पेटवताही आतले तापमान गोठणबिंदूच्या वर राहते. हजारावर झाडे लाकडी पेट्यांत लावलेली असतात. मे महिन्यात ती अंगणात येतात आणि ऑक्टोबरमध्ये परत आत जातात. लंडनजवळच्या क्यू उद्यानात विल्यम चेंबर्सने १७६१ मध्ये अशीच देखणी इमारत बांधली, पण तिच्यात उजेड कमी पडला आणि संत्री रमली नाहीत. ऊब पुरेशी नाही, ऊनही हवे, हा धडा त्या इमारतीने दिला. पुढे ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, काच स्वस्त झाली आणि काचघर सरदारांच्या वाड्यांतून साध्या माणसाच्या परसात आले. रशियात ओका नदीकाठच्या पाव्लोवो गावात लोकांनी तर एकोणिसाव्या शतकापासून घरच्या खिडकीतच लिंबे पिकवली. अमेरिकेत नेब्रास्काच्या बर्फाळ माळावर एका निवृत्त टपालवाल्याने जमिनीखाली सुमारे ८ फुटांवर नळ्या पुरल्या, त्यांतून येणारी मातीची ऊब काचघरात खेळवली आणि संत्री पिकवून दाखवली.

या सगळ्या घरांनी झाडाला थंडीपासून वाचवले, पण थंडी पुरती काढून टाकली नाही. व्हर्सायच्या दालनात हिवाळाभर गारवा असतो. झाड गोठत नाही, तरी थांबते; म्हणूनच ते वसंतात फुलते.

आता नागपूर. संत्र्याची जात हिंदुस्थानात जुनीच. बाबराने आपल्या आठवणींत ‘संगतरा’ नोंदवला आहे. नागपुरात ती भोसल्यांनी आणली. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणून आपल्या बागेत लावली, असे नागपूरकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. भोसल्यांना बागांची मोठी हौस. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी ही नावे शहरात आजही त्या हौसेची साक्ष देतात. राजाच्या बागेतले झाड सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या जमिनीत गेले आणि १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरात पोचल्यावर त्या फळाला दूरची बाजारपेठ मिळाली. परसातले फळझाड बागायती पीक झाले.

बागायती पिकाला वेळापत्रक लागते. झाडाने मनास येईल तेव्हा चार-चार फुले दिली, तर फांदीवर एकाच वेळी कळी, बोराएवढे फळ आणि पिकलेले संत्रे लटकते. तोडणी जमत नाही, व्यापारी बगीचा ठरवत नाही आणि झाडही थकते. सगळी फुले एकदम यावीत म्हणून झाडाला आधी एकदम थांबवावे लागते. नागपूरच्या हिवाळ्यात गारवा असतो. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पण अशा रात्री मोजक्या, आणि दुपारी ऊन चढतेच. एवढी थंडी झाडाला पुरती थांबवत नाही. जे थंडीला जमले नाही ते बागवानांनी पाण्याकडून करून घेतले. या रीतीला कोणा एका शोधकाचे नाव चिकटलेले नाही. दख्खनच्या जुन्या बागवानीत झाडाच्या बुडाची माती काढून मुळ्या काही दिवस उन्हात उघड्या ठेवण्याची पद्धत होती. ताण हे त्याच विचाराचे सौम्य आणि सुरक्षित रूप. मुळ्या उघड्या करताना त्या तुटतात आणि डिंक्यासारख्या रोगाला वाट मिळते. पाणी तोडल्याने ती इजा होत नाही.

बहारांची नावे शेतकऱ्याच्या पंचांगातली आहेत. आंब्याला मोहर येतो त्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत फुटणारा तो आंबिया. मृगाच्या पावसावर, जून-जुलैत फुटणारा तो मृग. सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्ताच्या सुमारास फुटणारा तो हस्त. डाळिंब, पेरू, लिंबू यांच्या बागांतही हीच नावे चालतात. संत्र्यात यांपैकी एकच बहार धरायचा असतो. आंबियाची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे.

आंबियात तहान आणि थंडी जोडीने काम करतात. हलक्या, मुरमाड जमिनीत तीन-चार आठवड्यांत ताण बसतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात, कारण चिकणमाती पाणी सहजी सोडत नाही. ताणाच्या दिवसांत जमीन वखरतात, वाळलेल्या फांद्यांची सल काढतात, खोडाला बोर्डो मलम लावतात. सुमारे पाव हिस्सा पाने गळली की ताण पुरे झाला असे मानतात. तो तोडतानाही एकदम भरपूर पाणी देत नाहीत. पहिले हलके आंबवणीचे, मग काही दिवसांनी चिंबवणीचे, आणि त्यानंतर नेमाने. तहानलेल्या झाडाला पहिल्याच दिवशी तुडुंब पाणी पाजले तर फुलांऐवजी पानांची नवती जोर धरते, आलेली फुलेही गळतात. याच्या उलट ताण हाताबाहेर गेला तर फांद्या वाळतात. किती दिवस हे कॅलेंडर सांगत नाही. ते पान सांगते आणि जमीन सांगते.

मृग बहाराची गोष्ट याहून धाडसाची आहे. तिथे थंडीची मदत मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे चढलेला असताना बाग कोरडी ठेवायची आणि ताण तोडायचा तो मृगाच्या पावसाने. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, त्याच्यासाठी हा बहार सोयीचा. आंबियाला तर ऐन उन्हाळ्यात फळे जगवण्यापुरते पाणी लागतेच. मृगाची फळे हिवाळाभर झाडावर राहतात. गार रात्रींनी सालीतला हिरवेपणा सरतो, केशरी रंग चढतो आणि गोडी भरते. थंडी फुलाच्या वेळी नसली तरी फळाच्या वेळी कामी येते.

हस्त बहार सगळ्यांत अवघड, कारण तो पावसाळ्याच्या तोंडातून हिसकावून घ्यावा लागतो. कागदी लिंबू पिकवणाऱ्यांना तो हवा असतो; त्याची लिंबे उन्हाळ्यात, भाव चढलेले असताना बाजारात येतात. पण भर पावसात झाडाला तहान लावायची कशी? विदर्भातल्या शास्त्रज्ञांनी यावर शिफारस दिली ती अशी : जूनमध्ये जिबरेलिक आम्ल फवारून नको असलेली फुले रोखायची, सप्टेंबरमध्ये सायकोसेल फवारून वाढ थांबवायची आणि ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट देऊन फूट जागवायची. ताणाचे काम इथे फवारणीकडे आले.

झाड तहानलेले ठेवून फुलवणारे आपण एकटे नाही. इटलीच्या सिसिली बेटावरचे शेतकरी उन्हाळ्यात लिंबाच्या बागांचे पाणी तोडतात, झाडे मलूल झाली की खत-पाणी देऊन ऑगस्ट-सप्टेंबरात फुलवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात हिरवी ‘वेर्देल्ली’ लिंबे विकतात. आपला मृग बहार आणि त्यांची ही रीत सख्खी भावंडे शोभतात.

शास्त्राने या रीतीवर शिक्का मारला तो फ्लोरिडात. साउथविक आणि डॅव्हनपोर्ट या संशोधकांनी १९८६ मध्ये कुंडीतल्या ताहिती लिंबांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही झाडांना दिवसा १८ आणि रात्री १० अंशांच्या गारव्यात ठेवले, काहींना तहानलेले ठेवले. दोन्हीकडे फुले आली. दोन आठवड्यांचा मध्यम ताणही पुरला, आणि गारव्याचे दिवस वाढवत नेले तशी फुलेही वाढली. फुलाच्या दृष्टीने झाडाला थंडी आणि तहान सारखीच कामाची ठरते. वरूडचा बागवान आणि व्हर्सायचा माळी एकाच कळीचा दोन बाजूंनी उपयोग करत आले होते.

कलमाच्या खुंटाची निवडही याच धाग्यातली आहे. जपानमध्ये संत्री त्रिपर्णी संत्र्यावर बांधतात, कारण तो खुंट पानगळ करून कडक थंडी सोसतो. आपल्याकडे शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीवर आणि अलीकडे रंगपूर लाइमवर डोळा भरतात, कारण इथे खुंटाने कोरडेपणा सोसायला हवा.

नागपूरला अमरावती रस्त्यावर १९८६ पासून लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आता त्याची केंद्रीय संस्था झाली आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही ताणाची रीत आज अडचणीत आहे. डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस आला की बसत आलेला ताण मोडतो आणि झाड फुलांऐवजी नवती काढते. मेमधला वळीव मृगाचा बहार बिघडवतो. मृगात पाऊस येऊन नंतर दडी मारली की फुटलेली फुले करपतात. वरूड-मोर्शीकडे बोअर शेकडो फूट खाली गेले, भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेला. पाणी तोडण्याची कला तिथेच चालते, जिथे पुन्हा द्यायला पाणी शिल्लक असते. म्हणून ठिबक, पावसाचे पाणी जिरवणे आणि मातीतली ओल मोजून ताण ठरवणे ही बागेच्या अस्तित्वाची गरज आहे. पानावरून ताण ओळखणाऱ्या जुन्या बागवानांची नजर आणि ओल मोजणारे यंत्र एकाच बागेत असावे, असे मला मनापासून वाटते.

बर्फाच्या देशात राहणारी अनेक मराठी कुटुंबे कढीपत्त्याशेजारी लिंबाची कुंडी ठेवतात, कोणी परसात छोटे काचघरही उभारतात. झाड हिरवेगार असते, पण फुलत नाही अशी त्यांची तक्रार असते. त्यांनी नागपूरची रीत आठवावी. हिवाळ्यात ती कुंडी हीटरजवळून हलवून ८ ते १२ अंशांच्या उजेडाच्या जागी न्यावी, पाणी निम्म्याहून कमी करावे, खत बंद ठेवावे. दिवस मोठे होऊ लागले की आधी हलके, मग पोटभर पाणी द्यावे. ऊब दिली म्हणजे सगळे दिले असे नव्हे. विसावाही द्यावा लागतो.

आणि जे इथेच आहेत, त्यांनी बाजारात संत्री घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : आंबियाची की मृगाची? नोव्हेंबरात मृगाच्या गोडीची अपेक्षा धरून आंबियाला नावे ठेवू नयेत, आणि मार्चमधल्या मृगाच्या संत्र्याला दोन पैसे जास्त द्यायला मागेपुढे पाहू नये. त्या फळासाठी कोणीतरी ४५ अंशांच्या उन्हात आपली बाग तहानलेली ठेवून पावसावर भरवसा टाकलेला असतो.