कॅम्प्टोथेसिन : वर्णपटमितीय ओळख
कर्करोगविरोधी वनस्पतिजन्य अल्कलॉइड. रेणुसूत्र C₂₀H₁₆N₂O₄. मन्‌रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत 1966 मध्ये ते मूळच्या चिनी ‘कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा’ या वृक्षापासून वेगळे केले. पश्चिम घाटातील नरक्या या झाडातही ते असल्याचे 1972 मध्ये दिसले.

अर्क जंबुपार प्रकाशाखाली धरला की हे संयुग निळे चमकते. ही पहिली खूण, पण पुरावा नव्हे. असे चमकणारे रेणू अनेक असतात. द्रव्यमान वर्णपटातून 348 हा रेणुभार मिळतो. अवरक्त वर्णपटात लॅक्टोन वलयाचा कार्बोनिल गट सुमारे 1,750 सेंमी⁻¹ येथे, तर पिरिडोनचा सुमारे 1,660 येथे शोषण दाखवतो. अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदन (एन.एम.आर.) हायड्रोजन व कार्बन अणूंची शेजारव्यवस्था उलगडते. त्यातही लॅक्टोन वलय शाबूत आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ते उघडले की औषधी क्रिया बहुतांशी नाहीशी होते. मूळ रचनेवर अंतिम शिक्कामोर्तब मात्र आयोडोअ‍ॅसिटेट साधिताच्या स्फटिकावरील क्ष-किरण विवर्तनाने झाले. टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे याच सांगाड्यावर बेतलेली आहेत. मागणीमुळे नरक्याची बेसुमार तोड झाली, ही चिंतेची बाब आहे.