वेस्ट हायकोर्ट रोड : बंगल्यांपासून शोरूमपर्यंत

आपल्या धामणगावहून रेल्वेने नागपूरला खरेदीला जाणाऱ्या मंडळींना धरमपेठेतला वेस्ट हायकोर्ट रोड चांगला माहीत आहे. पण हा रस्ता एके काळी राहणाऱ्यांचा होता, हे नातवंडांना सांगितले तर खरे वाटत नाही.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. १९३६ साली तिथे हायकोर्ट आले. त्याच वर्षीच्या कायद्याने सुधार प्रन्यासही आला. शहराच्या पश्चिमेकडे वकील, अधिकारी, प्राध्यापक यांचे बंगले वाढले. १९५६ ला राजधानीपण गेले, वस्ती राहिली. १९७८ साली बँकेच्या नोकरीत मी तिथे होतो, तेव्हा फाटक, अंगण, आंब्याचे झाड असलेले बंगले पुष्कळ होते.

बदल हळूहळू झाला. आधी पुढच्या खोलीत दवाखाना, मग गॅरेजमध्ये दुकान. मुले बाहेरगावी, परदेशी गेली, वाटण्या आल्या. जागेचे भाव चढले, आणि राहण्यापेक्षा दुकानाला देणे परवडू लागले. खाली शोरूम, वर ऑफिस. सोय झाली, रोजगार वाढला, हे मान्य. पण रात्री शटर पडले की हाक मारायला शेजारी नाही.

आपल्याकडेही तळमजला दुकानाला देऊ का, अशी विचारणा होते. उपविधीप्रमाणे त्याला संस्थेची परवानगी लागते. मागणाऱ्याची अडचण जरूर ऐकू या. निर्णय मात्र सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर घेऊ या. पंचवीस वर्षांत जमलेला शेजार एकेका सहीने जायला नको.