मेंढ्यांचे वेत एकाच हंगामात आणण्यासाठी माजाचे नियोजन (भंडारा जिल्हा)

कळपात नर वर्षभर मोकळा असला की मेंढ्या बाराही महिने विखरून वितात. भंडारा जिल्ह्यात याचा सर्वाधिक फटका पावसाळ्यात बसतो. जून ते सप्टेंबरमध्ये जन्मलेली कोकरे ओल्या जमिनीवर, दमट हवेत वाढतात. त्यांच्यात न्यूमोनिया, हगवण आणि जंतांचा प्रादुर्भाव वाढतो. याच काळात बांध्यांत धान उभे असल्याने चराईची जागा आकसते. त्यामुळे येथे कोकरे कधी जन्मावीत याआधी ती कधी जन्मू नयेत हे ठरवावे. हे साधण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नर वेगळा ठेवणे. स्पंज व संप्रेरकांचा विचार त्यानंतर करावा.

आधी तारखांचा हिशेब

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १४७ ते १५० दिवसांचा असतो. मेंढी साधारण दर १७ दिवसांनी माजावर येते व माज २४ ते ३६ तास टिकतो. दख्खनी व इतर स्थानिक मेंढ्या वर्षाच्या बहुतेक काळात माजावर येऊ शकतात. म्हणून नर सोबत असेल तर वेत आपोआप विखुरतात.

- १ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात फळलेल्या मेंढ्या मेअखेर ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वितात. या काळात नर कळपात नसावा.
- २० जून ते २५ जुलै या काळात फळलेल्या मेंढ्या १४ नोव्हेंबर ते २२ डिसेंबरच्या सुमारास वितात. जिल्ह्यासाठी हा मुख्य हंगाम धरावा.
- १ ते २५ ऑक्टोबर या काळात फळलेल्या मेंढ्या फेब्रुवारीअखेर ते २४ मार्चच्या सुमारास वितात. मुख्य हंगामात न फळलेल्या मेंढ्या व वजनात कमी पडलेल्या पाठी यांच्यासाठी ही दुसरी संधी ठेवावी.

मुख्य हंगामाचे फायदे स्पष्ट आहेत. गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ होते. हे आठवडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, तेव्हा बांधावर गवत असते. विल्यानंतर धान कापलेल्या बांध्या चराईला मिळतात. ज्या बांध्यांत उतेरा पद्धतीने लाखोरी, जवस पेरले आहे किंवा उन्हाळी धान लावायचे आहे, त्या मात्र बंद राहतात. म्हणून गावातील कोणत्या बांध्या किती दिवस मोकळ्या राहतील हे शेतमालकांशी आधीच बोलून ठेवावे. नोव्हेंबरची कोकरे होळीच्या बाजारापर्यंत साडेतीन ते चार महिन्यांची होतात आणि एका वयाची, एका वजनाची असल्याने भाव ठरवणे सोपे जाते.

दोन वर्षांत तीन वेत घ्यावेत का?

दर आठ महिन्यांनी वेत घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. वरील हिशेबात तो बसवून पाहावा. जून-जुलैत फळवल्यास वेत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पुढचे फळवणे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वेत जुलै-ऑगस्टमध्ये येते. तीनपैकी एक वेत भर पावसात सापडते. जमिनीपासून उंच, फटींच्या फळ्यांचा कोरडा गोठा व साठवलेला चारा असेल तरच ही पद्धत धरावी. अन्यथा वर्षाला एक भक्कम वेत अधिक फायद्याचे ठरते.

नराच्या साहाय्याने माज एकत्र आणणे

१. नर १ जानेवारीपासून वेगळा ठेवावा. जागा नसल्यास पोटाखाली जाड कापड बांधून मिलन रोखता येते. मात्र फळवण्याआधी किमान चार आठवडे नर मेंढ्यांना दिसणार नाही, त्याचा आवाज व वास येणार नाही इतका दूर असावा. शेजारच्या कळपातील नराचाही यात विचार करावा.

२. नर अचानक कळपात आल्यावर माजावर न येणाऱ्या मेंढ्यांमध्ये दोन ते चार दिवसांत बीज सुटते. या वेळी माजाची बाह्य लक्षणे बहुधा दिसत नाहीत. खरा माज साधारण १७ ते २५ दिवसांनी येतो. आधीच नियमित माजावर येणाऱ्या मेंढ्यांवर या उपायाचा फारसा परिणाम होत नाही.

३. म्हणून शक्य असल्यास ६ जूनपासून १४ दिवस नसबंदी केलेला किंवा कापड बांधलेला नर कळपात ठेवावा आणि २० जूनला फळवणारा नर सोडावा.

४. नर ३५ दिवस ठेवावा. यात माजाची दोन चक्रे बसतात. २५ जुलैला नर न चुकता काढावा, नाहीतर वेत पुन्हा लांबतात.

५. २५ ते ३० मेंढ्यांमागे एक नर पुरतो. नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावावा. मेंढीच्या पाठीवरील खूण पाहून तारीख लिहावी. १७ दिवसांनी रंग बदलावा. दुसऱ्या रंगाची खूण झालेली मेंढी पहिल्या वेळी फळली नव्हती असे समजावे. बहुतेक मेंढ्यांवर दुसरी खूण दिसल्यास नर तपासून घ्यावा.

फळवण्यापूर्वीची तयारी

- नर: शुक्राणू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात. मे महिन्याच्या उन्हाने बसलेला फटका जून-जुलैत दिसतो. म्हणून एप्रिलअखेरपासून नराला सावली, थंड पाणी व खुराक द्यावा. अंडकोष, खूर व प्रकृती तपासावी.
- मेंढ्या: फळवण्याआधी दोन-तीन आठवडे प्रत्येकी २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. भरडलेले धान्य, कोंडा व ढेप यांचे मिश्रण चालते. केवळ तणसावर असलेल्या मेंढ्यांत प्रथिनांची कमतरता राहते व माज अनियमित होतो. फार हडकुळ्या मेंढ्या व प्रौढ वजनाच्या दोन-तृतीयांशापर्यंत न पोहोचलेल्या पाठी यंदा फळवू नयेत.
- जंतनाशक: मामा तलावांच्या काठी व बांध्यांतील साचलेल्या पाण्यात गोगलगायी असतात. त्यांच्यामार्फत यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार होतो. लेंड्या तपासून, नर सोडण्याआधी दोन आठवडे औषध द्यावे. अल्बेंडॅझोल गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. गर्भात व्यंग येऊ शकते.

स्पंज व इंजेक्शन कधी वापरावे?

सर्व मेंढ्या तीन-चार दिवसांत माजावर आणायच्या असतील किंवा कृत्रिम रेतन करायचे असेल तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते. प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेला स्पंज मेंढीच्या योनीमार्गात १२ ते १४ दिवस ठेवतात. काढताना पीएमएसजीचे इंजेक्शन देतात. त्यानंतर बहुतेक मेंढ्या २४ ते ६० तासांत माजावर येतात. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने ‘अविकेसिल-एस’ हा देशी स्पंज विकसित केला आहे.

दुसरी पद्धत प्रोस्टाग्लँडिनच्या दोन इंजेक्शनांची आहे. ती १० ते ११ दिवसांच्या अंतराने देतात. माजावर न येणाऱ्या मेंढ्यांत ही पद्धत काम करत नाही आणि गाभण मेंढीला दिल्यास गर्भपात होतो. गरोदर महिला व दम्याच्या रुग्णांनी हे औषध हाताळू नये. दोन्ही पद्धती पशुवैद्यकाकडूनच कराव्यात. पीएमएसजीची मात्रा वाढवल्यास जुळी-तिळी वाढतात, पण अशक्त कोकरेही वाढतात.

या पद्धतीत नर कमी पडतात हे सर्वांत जास्त विसरले जाते. सर्व मेंढ्या एकदम माजावर येत असल्याने ८ ते १० मेंढ्यांमागे एक नर लागतो. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतील गट २० मेंढ्या व १ नर असा आहे. अशा कळपात सर्वांना एकाच दिवशी स्पंज बसवू नये. सहा-सात मेंढ्यांचे तीन गट करून चार-पाच दिवसांच्या अंतराने बसवावेत किंवा नात्यातला नसलेला दुसरा नर आणावा. स्पंज काढल्यानंतर १६ ते १९ दिवसांनी न फळलेल्या मेंढ्या पुन्हा माजावर येतात, तेव्हा नर हजर असावा. अशक्त, आजारी किंवा नुकत्याच विलेल्या मेंढ्यांवर हा खर्च करू नये.

एकत्र वेतांची तयारी

एकाच महिन्यात सर्व मेंढ्या विणार असल्याने चारा, जागा व माणूस हे तिन्ही त्या महिन्यात लागतात.

- ३० ते ३५ दिवसांनंतर सोनोग्राफीने गाभण तपासणी करून घ्यावी. न फळलेल्या मेंढ्या ऑक्टोबरच्या गटात टाकाव्यात.
- शेवटचे सहा आठवडे रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा. जुळी असलेल्या मेंढ्यांना थोडा जास्त द्यावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नारी सुवर्णा’सारख्या जुळे देणाऱ्या मेंढ्यांत हे अधिक महत्त्वाचे आहे.
- विण्याआधी तीन-चार आठवडे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आंत्रविषाराची लस द्यावी. चीकातून कोकरांना संरक्षण मिळते.
- डिसेंबरच्या थंडीसाठी वाऱ्याच्या बाजूला पोती लावावीत. जमिनीवर कोरड्या तणसाचा थर द्यावा.
- नाळेला आयोडीन लावावे. पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. आई दगावल्यास किंवा दूध कमी असल्यास त्याच दिवशी विलेल्या दुसऱ्या मेंढीला कोकरू लावता येते. एकत्र वेतांचा हा मोठा फायदा आहे.

शेळीपालकांसाठी

जिल्ह्यात मेंढ्यांपेक्षा शेळ्या बऱ्याच जास्त आहेत. त्यांच्यासाठीही पावसाळा टाळण्याचे हेच वेळापत्रक वापरता येते. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, पण माजचक्र साधारण २१ दिवसांचे असते. म्हणून बोकड ३५ ऐवजी ४२ दिवस ठेवावा आणि गेरूचा रंग २१ दिवसांनी बदलावा.

पहिल्या वर्षी संप्रेरकांवर खर्च न करता नर वेगळा ठेवणे, खुराक व तारखांची वही एवढेच करावे. वहीत मेंढीचा क्रमांक, खुणेची तारीख, विण्याची तारीख, कोकरांची संख्या आणि तीन महिन्यांनंतर जगलेली कोकरे लिहावीत. कोणत्या महिन्यातील कोकरे जगली हे त्यातून स्पष्ट दिसेल. पुढील वर्षी स्पंज वापरायचा की नाही हे त्या नोंदींवरून तालुक्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून ठरवावे.