शालेय क्रिकेटमधील विक्रमवीर आणि व्यावसायिक कारकीर्द

आंतरशालेय स्पर्धांत असामान्य कामगिरी करून कोवळ्या वयातच प्रसिद्धीस आलेल्या खेळाडूंना सामान्यतः शालेय विक्रमवीर म्हटले जाते. महाराष्ट्रात ही परंपरा प्रामुख्याने मुंबईच्या हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड या स्पर्धांशी निगडित आहे. या खेळाडूंपैकी काहींनी पुढे आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली, काहींची वाटचाल मध्येच खुंटली, तर काहींना विक्रमाचेच ओझे झाले. अकाली प्रसिद्धी, लहान वयात मिळणारा पैसा आणि वाढत्या अपेक्षा यांचा किशोरवयीन खेळाडूंवर होणारा परिणाम हा क्रीडाक्षेत्रातील एक महत्त्वाचा प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

हॅरिस शिल्ड ही स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. ती १६ वर्षांखालील, तर गाइल्स शिल्ड १४ वर्षांखालील मुलांसाठी भरते. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क येथे होणाऱ्या या सामन्यांतून मुंबईच्या रणजी संघाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू मिळाले.

या स्पर्धांकडे देशाचे लक्ष वेधले ते फेब्रुवारी १९८८ मध्ये. रमाकांत आचरेकर यांच्या तालमीत तयार झालेल्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. पुढील वर्षीच, वयाच्या १६ व्या वर्षी, तेंडुलकर कराचीत पहिला कसोटी सामना खेळले. तेव्हापासून शालेय मैदानावरील प्रत्येक मोठ्या खेळीनंतर ‘दुसरा सचिन’ शोधण्याची प्रथा पडली.

त्याच भागीदारीतील दुसऱ्या फलंदाजाची कारकीर्द मात्र वेगळ्या दिशेने गेली. कांबळी यांनी १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके झळकावली. १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीने त्यांनी १,०८४ धावा केल्या; परंतु वयाच्या २३ व्या वर्षानंतर त्यांना कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

सरफराज खान : २००९ मध्ये वयाच्या १२ व्या वर्षी हॅरिस शिल्ड स्पर्धेत ४३९ धावा. २०१५ मध्ये १७ व्या वर्षी इंडियन प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) पदार्पण. पुढे तंदुरुस्तीवरून टीका झाली. २०१९–२० आणि २०२१–२२ या रणजी हंगामांत प्रत्येकी ९०० हून अधिक धावा करूनही कसोटी पदार्पणासाठी फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले. शालेय विक्रम आणि पहिली कसोटी यांत १४ वर्षांहून अधिक अंतर पडले.

पृथ्वी शॉ : नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्ड स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ५४६ धावा. २०१८ हे वर्ष त्याच्यासाठी विलक्षण ठरले. जानेवारीत आयपीएल लिलावात दिल्ली संघाने १ कोटी २० लाख रुपयांना घेतले, फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये राजकोट येथे पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. त्यानंतर घोट्याची दुखापत, २०१९ मधील आठ महिन्यांची बंदी आणि डिसेंबर २०२० मधील ॲडलेड कसोटीतील अपयश (० व ४) असे आघात एकामागून एक आले. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ धावांची रणजी खेळी करूनही भारतीय संघात त्याचे स्थान पक्के झाले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला मुंबईच्या रणजी संघातून वगळण्यात आले आणि पुढील महिन्यातील आयपीएल लिलावात कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला आणि त्याच वर्षी चंडीगडविरुद्ध त्याने द्विशतक केले.

प्रणव धनावडे : जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे एका आंतरशालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा. इंग्लंडमधील क्लिफ्टन महाविद्यालयात ए. ई. जे. कॉलिन्स याने १८९९ मध्ये केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम या खेळीने मागे पडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढील वर्षी अपेक्षेप्रमाणे कामगिरी होत नसल्याने ही शिष्यवृत्ती थांबवावी, अशी विनंती त्याच्या वडिलांनी स्वतःहून केली.

यशस्वी जयस्वाल : गाइल्स शिल्ड स्पर्धेतील एकाच सामन्यात नाबाद ३१९ धावा आणि १३ बळी. आझाद मैदानावरील तंबूत राहून केलेल्या सरावाची त्याची कथा सर्वत्र गाजली. वयोगटांतील सामने, देशांतर्गत स्पर्धा आणि आयपीएल अशा पायऱ्या चढून तो जुलै २०२३ मध्ये कसोटी खेळला व पहिल्याच सामन्यात त्याने १७१ धावा केल्या.

विक्रमाचे मोजमाप

शालेय सामन्यातील धावसंख्या त्या दिवशीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत खेळाडू किती सरस होता, एवढेच दाखविते. कल्याणच्या सामन्यात धनावडेच्या संघाने ३ बाद १,४६५ धावांवर डाव घोषित केला, तर प्रतिस्पर्धी संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. दोन्ही संघांच्या बळातील तफावत या आकड्यांतूनच स्पष्ट होते. त्यामुळे खेळाडूची चिकाटी किंवा कौशल्य कमी ठरत नाही. मात्र त्यावरून प्रौढ गोलंदाजीसमोरील यशाचे भाकीत करता येत नाही. शिवाय किशोरवयात शारीरिक वाढीचा वेग मुलागणिक वेगळा असतो. लवकर वाढ झालेल्या मुलाला मिळणारा लाभ समवयस्कांची वाढ पूर्ण होताच संपुष्टात येतो. मधली सात-आठ वर्षे ही खरी कसोटी असते आणि प्रसिद्धीच्या झोतात नेमका तोच काळ नजरेआड होतो.

व्यावसायिक पदार्पणातील अडचणी

आर्थिक विषमता : २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार २० किंवा त्याहून कमी सामने खेळलेल्या रणजी खेळाडूस दिवसाला ४०,००० रुपये मानधन ठरले. लिलावात मात्र एका दिवसात कोट्यवधींची बोली लागू शकते. आयपीएलमधील १० संघांना प्रत्येकी कमाल २५ खेळाडू घेता येतात आणि त्यांपैकी आठपर्यंत परदेशी असू शकतात. म्हणजे देशभरातील तरुणांची स्पर्धा काहीशे जागांसाठीच असते.

करार : भारतीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती स्वतः करार करण्यास सक्षम नसते. त्यामुळे आर्थिक निर्णय पालकांच्या हाती असतात. कुटुंबाची मिळकत बेताची असल्यास मुलाच्या खेळावरच घराची भिस्त पडण्याचा धोका संभवतो.

औषधे : शॉ याच्यावरील बंदीचे कारण टर्ब्युटालिन हा घटक होता. तो खोकल्याच्या औषधांत आढळतो. हे सेवन अनवधानाने झाल्याचे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले, तरी शिक्षा टळली नाही. औषधाच्या दुकानातून घेतलेली साधी बाटलीही कारकीर्दीत अडथळा ठरू शकते, हे या प्रकरणातून दिसून आले.

शिक्षण : सराव आणि प्रवास यांमुळे शाळा मागे पडते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण आहे. परंतु आरक्षित पदासाठीही आवश्यक शैक्षणिक पात्रता लागतेच.

बास्केटबॉलशी तुलना

अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये (एनबीए) केव्हिन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) हे शाळेतून थेट व्यावसायिक खेळाकडे वळले आणि अफाट यशस्वी झाले. त्याच वाटेने गेलेला कॉर्लिऑन यंग १९९८ मध्ये निवडला जाऊनही केवळ तीन सामने खेळला, तर शालेय वयात गाजलेल्या लेनी कुक याची २००२ मध्ये निवडच झाली नाही. २००६ पासून निवडीसाठी किमान १९ वर्षे वयाची अट लागू झाली. पंजाबचा सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला; मात्र त्याला एनबीएचा एकही सामना खेळता आला नाही.

रत्नागिरी व कोकण

रत्नागिरी जिल्हा क्रिकेटच्या दृष्टीने मुंबई नव्हे, तर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगची पहिली दोन्ही विजेतेपदे रत्नागिरी जेट्स संघाने मिळविली. कोकणात टेनिस चेंडूचे सामने अत्यंत लोकप्रिय आहेत आणि २०२४ पासून त्या प्रकारातही इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगच्या रूपाने लिलाव सुरू झाला आहे. प्रो कबड्डी (२०१४) आणि अल्टिमेट खो-खो (२०२२) या स्पर्धांमुळे देशी खेळांतही व्यावसायिक संधी निर्माण झाल्या. त्यामुळे एके काळी मुंबईपुरता वाटणारा हा प्रश्न आता जिल्ह्याच्या गावांतील मुलांसमोरही उभा आहे.

संरक्षक उपाय

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी किमान १५ वर्षे वयाची अट घातली. भारतात १९ वर्षांखालील विश्वचषक एका खेळाडूस एकदाच खेळता यावा, असे धोरण राहुल द्रविड यांच्या प्रशिक्षणकाळात स्वीकारले गेले. वयचोरी रोखण्यासाठी हाडांची चाचणी केली जाते. तरीही आयपीएलमध्ये कोवळ्या वयातील पदार्पणे होतच आहेत. बिहारचा वैभव सूर्यवंशी वयाच्या १३ व्या वर्षी १ कोटी १० लाख रुपयांना विकत घेतला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक केले. नियमांमुळे पदार्पण पुढे ढकलता येते. अपयशानंतर मुलाला सावरण्याची जबाबदारी मात्र घर, शाळा आणि प्रशिक्षक यांच्यावरच राहते.

हेही पहा

हॅरिस शिल्ड
रमाकांत आचरेकर
रणजी करंडक
महाराष्ट्र प्रीमियर लीग