श्रवणाची वाट : शालेय कर्णतपासणीचा इतिहास व आपले कर्तव्य

जैन परंपरेत गृहस्थाला ‘श्रावक’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, हा धातू आहे. भगवान महावीरांची वाणी गणधरांनी श्रवण केली, शिष्यपरंपरेने ती कंठस्थ राखली आणि कालांतराने ती ग्रंथारूढ झाली. म्हणून त्या ज्ञानास ‘श्रुत’ हे नाव लाभले. ज्या परंपरेत ज्ञान कानावाटे आले, तिने बालकांच्या कानांची चिंता वाहणे स्वाभाविकच होय.

वर्गात हाक मारूनही न वळणारे मूल पुष्कळदा ‘मठ्ठ’ वा ‘हट्टी’ ठरते. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून कानाचा असू शकतो. सर्दीनंतर पडद्यामागे साचलेला द्रव, वारंवार वाहणारा कान, घट्ट बसलेला मळ यांमुळे येणारे बहिरेपण बहुधा अपुरे असते. मूल काही ऐकते, काही गमावते. त्यामुळे ते घरच्यांच्याही ध्यानी येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालकांतील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी उद्भवतात.

शाळेतच असे मूल हुडकावे, हा विचार जुना आहे. १९२६ साली अमेरिकेतील कर्णतज्ज्ञ एडमंड फाउलर व पदार्थवैज्ञानिक हार्वे फ्लेचर यांनी शाळकरी मुलांतील बहिरेपणाकडे वैद्यकीय जगताचे लक्ष वेधले. त्या काळी ग्रामोफोनच्या तबकडीला अनेक कर्णध्वनियंत्रे जोडून सुमारे चाळीस मुलांची परीक्षा एकाच वेळी घेतली जाई. तबकडीतील आवाज आकडे उच्चारी, तो उत्तरोत्तर क्षीण होई आणि मुले ऐकलेले आकडे कागदावर लिहीत. पुढे १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले, की निरोगी अंतःकर्ण स्वतःच अतिसूक्ष्म ध्वनी उत्पन्न करतो. या शोधामुळे उत्तर देऊ न शकणाऱ्या तान्ह्या बाळाचीही तपासणी शक्य झाली.

आपल्या देशात १९६५ मध्ये म्हैसूर येथे वाक्‌श्रवण संस्था स्थापन झाली, तर १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यानुसार फिरती आरोग्य पथके शाळांत वर्षातून एकदा व अंगणवाड्यांत दोनदा बालकांची तपासणी करतात. श्रवणदोष व मध्यकर्णाचे विकार यांचा तीत समावेश आहे.

तथापि तपासणी ही निम्मीच वाट होय. दोष आढळल्याची चिठ्ठी हाती पडते, पण कानाचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. पालकांची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, पावसाळ्यात ओढे वाट अडवितात. चिठ्ठी घरात राहते आणि कान वाहतच राहतो.

ही उरलेली वाट कशी चालावी, याचा वस्तुपाठ दूरच्या अलास्कात सापडतो. तेथील नॉर्टन साउंड भागात मध्यकर्णाचे विकार फार आणि गावे रस्त्यांनी जोडलेली नाहीत. तज्ज्ञाकडे जाण्यास लहान विमानच हवे. गावच्या दवाखान्यातील आरोग्य सहायकाने कानाच्या पडद्याचे छायाचित्र व श्रवणचाचणीचा आलेख संगणकाद्वारे पाठवावा आणि तज्ज्ञाने आपल्या सवडीने तो पाहून सल्ला द्यावा, अशी व्यवस्था तेथे उभारली गेली. त्यापूर्वी तज्ज्ञाकडे नव्याने पाठविलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना पाच महिने वा अधिक काळ थांबावे लागे. व्यवस्थेच्या पहिल्या तीन वर्षांत हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. पुढे २०१७ ते २०१९ या काळात तेथील १५ वस्त्यांतील १,४८१ शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. दूरवैद्यक असलेल्या वस्त्यांत दोष आढळलेल्यांपैकी ६८.५ टक्के मुले नऊ महिन्यांत पुढील तपासणीस पोहोचली. नेहमीच्या चिठ्ठीच्या पद्धतीत केवळ ३२.१ टक्के. शस्त्रक्रियेसाठी प्रवास अटळच असतो. परंतु केवळ कान दाखविण्यासाठी तो करावा लागत नाही.

आपल्याकडेही २०१९ पासून ई-संजीवनीद्वारे आरोग्य केंद्रातून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. पडदा पाहण्याचे उपकरण व ते हाताळणारी प्रशिक्षित व्यक्ती यांची जोड मिळाली, तर आश्रमशाळेतील बालकाचा कानही तज्ज्ञाला दिसू शकेल.

आपल्या शास्त्रांनी आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने सांगितली. बालकाचा कान बरा करणे हे औषधदान तर आहेच, पण तेच ज्ञानदानाचे द्वारही आहे. शिबिरांच्या अहवालात ‘तपासलेली मुले’ हा आकडा आपण अभिमानाने छापतो. सुवर्णमहोत्सवानंतरच्या नोंदवहीत त्याशेजारी आणखी एक रकाना असावा : ‘उपचारापर्यंत पोहोचलेली मुले’. या दोन आकड्यांतील अंतर जितके घटेल, तितके आपले दान सार्थकी लागेल.